हाँगकाँगचं धुणं-वाळवणं

गुरुवार

मार्च महिना म्हणजे आमच्याकडे इचलकरंजीला पापड-कुरडयांच्या वाळवणाची सुरुवात. हाँगकाँगमध्ये त्याच महिन्यात हातरुमालसुद्धा वाळत नाही. भाचीने फोनवर बजावलं होतं, "मावशी, सुती कमी आण, लवकर वाळेल असंच काय ते आण." तिच्या इमारतीच्या जिन्यात पाऊल टाकलं आणि तिचं म्हणणं पटलं. फरशी नुकती पुसल्यासारखी ओली, भिंतींवरून थेंब ओघळतायत, लिफ्टच्या आरशात तोंड दिसत नाही. बाहेर पावसाचा एक टिपूस नाही.

या दिवसांना इथे 'वुय-नाम-थिन' म्हणतात. हिवाळाभर उत्तरेचा गार वारा भिंती-फरश्या थंड करून ठेवतो. मग वारा फिरतो, दक्षिणेच्या समुद्रावरची कोमट, दमट हवा आत येते आणि गार भिंतीला लागली की तिचं पाणी होतं. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर. कोंदट वाटतं म्हणून मी आल्या आल्या खिडकी उघडायला गेले तर भाची ओरडलीच, "उघडू नकोस, सगळं घर घामेल!" खिडक्या बंद आणि कोपऱ्यात घरघरणारं एक यंत्र, 'छऊ-सप-केय'. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि खालच्या डब्यात साठवतं. रात्री तिने तो डबा मोरीत रिकामा केला तेव्हा दोन-तीन तांबे पाणी सहज निघालं. त्या यंत्राच्या नावातला 'सप' म्हणजे ओलं. या शहरात कपड्यांविषयी बोलायचं तर सुरुवात या शब्दानेच होते.

भाचीचं घर शाम शुई पोमध्ये आहे. काउलूनमधला जुना, कष्टकऱ्यांचा भाग. घर म्हणजे एक खोली, तिच्यात पलंग, पलंगाखाली कप्पे आणि ओटा म्हणावा अशी एक फळी. धुण्याच्या यंत्राला जागा नाही. इथे अशी घरं इतकी आहेत की नाणं टाकून धुवायची दुकानं गल्लोगल्ली निघाली आहेत. आता नाण्याऐवजी 'ऑक्टोपस' कार्ड चालतं, तेच ज्याने रेल्वे, बस आणि कोपऱ्यावरचा चहासुद्धा होतो.

प्रवासाचं एवढंच सांगते, की भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती न करता विमानतळावर जाऊ नका.

शुक्रवार

भाची कामावर जाणार होती, म्हणून आदल्या रात्रीच तिने माझी शिकवणी घेतली. तिच्याकडे 'ज्युतपिङ'ची वही आहे. कँटोनीज, म्हणजे इथे बोलतात ती चिनी भाषा, रोमन लिपीत लिहायची ही पद्धत हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ साली ठरवली. ती वही वाचताना माझी पहिल्या पानावरच गडबड उडाली, कारण त्यात 'जी' लिहितात आणि वाचायचा 'क'. 'डी' लिहितात आणि वाचायचा 'त'. मी म्हटलं, हे सगळं आपण सरळ देवनागरीत का लिहीत नाही? आणि लिहायला बसलो तर काय सांगू, भाषा आपल्या अक्षरांत चपखल बसायला लागली. क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे भेद कँटोनीजला लागतात, इंग्रजीच्या लिखाणात ते नीट दाखवता येत नाहीत, आपल्याकडे वर्णमालेतच बसलेले आहेत. 'चोर'मधला दंत्य च त्यांच्याकडे जसाच्या तसा. अ आणि आ यांचा फरकही त्यांना आपल्याइतकाच महत्त्वाचा: 'सय' म्हणजे धुणं, 'साय' म्हणजे उन्हात घालणं. आणि शाळेत घोकलेला तो ङ, जो पुढे वाङ्मयापलीकडे कुठे भेटला नाही, तो इथे शब्दाच्या तोंडाशी येऊन बसतो. जीन्सची पँट म्हणजे 'ङऊ-चय-फू', गुराख्याची पँट. भाची म्हणते, तरुण पोरं आळस करतात आणि ङ खाऊन टाकतात.

तर वहीत पहिलं पान असं झालं: साम म्हणजे कपडा, आणि नुसता शर्ट-सदराही. फू म्हणजे पँट. ख्वन म्हणजे झगा, स्कर्ट. मत म्हणजे मोजे. हाय म्हणजे चप्पल-बूट. लऊ म्हणजे कोट. तय-फू म्हणजे आतली चड्डी, कारण तय म्हणजे खालचं, तळाचं. कॉलरवाला शर्ट 'सत-साम', ज्यातला 'सत' हा इंग्रजी शर्टच, इथल्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेला. लोकरीचा स्वेटर 'लाङ-साम', आणि त्यातला 'लाङ' फ्रेंचांच्या लोकरीच्या शब्दावरून आला असं सांगतात. बंदराचं गाव; माल उतरला तसे शब्दही उतरले.

खरी मेख आहे ती सुरांची. सहा सूर. 'थोङ' हा एकच उच्चार घ्या. उंच, सरळ धरला तर सूप. मध्यम पट्टीत धरला तर इस्त्री करणं. खाली उतरवला तर साखर. भाचीने हात हवेत वर-मधे-खाली करून दाखवला, संगीताच्या बाई दाखवायच्या तसा. मला तानपुऱ्याची सवय असती तर बरं झालं असतं.

दुपारी पिशवी उचलून खालच्या गल्लीतल्या लाँड्रीत गेले. स्वतः यंत्रात टाकायचं दुकान वेगळं. हे जुन्या पद्धतीचं, जिथे पिशवी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी घडी घातलेले कपडे घ्यायचे. पाटीवर 'सय-ई' अशी दोन अक्षरं. गंमत ही की पाटीवर, यंत्रावर, डिटर्जंटच्या पुड्यावर कपड्यासाठी 'ई' लिहिलेलं असतं आणि तोंडाने कोणी 'ई' म्हणत नाही, 'साम' म्हणतात. आपल्याकडे दुकानावर 'वस्त्रभांडार' असतं म्हणून आत जाऊन कोणी "एक वस्त्र दाखवा" म्हणत नाही, तसंच. वाचायला ई, बोलायला साम, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं शाम शुई पो वाचता येतं.

दुकान म्हणजे शटरभर रुंदीची खोली. दारातच तराजू, मागे दोन मोठी यंत्रं, छताला नळ्या आणि नळ्यांना प्लास्टिकच्या पिशवीत लटकलेले शंभरेक सूट. मालकीणबाई साठीच्या, हातात बाही, गळ्यात चष्मा. मला बघून म्हणाल्या, "लेङ-नोय!" म्हणजे सुंदरी. मी चमकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. इथे गिऱ्हाईक बाई असेल तर ती सोळाची असो की साठीची, लेङ-नोयच. पुरुष असेल तर लेङ-चय. इचलकरंजीत कोणी असं म्हणालं असतं तर पुढचं सांगायला नको.

पिशवी तराजूवर गेली. भाजी इथे कॅटीवर मिळते, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या जरा वर. धुणं मात्र पौंडावर, 'पोङ'. अमुक पौंडांपर्यंत एक ठरलेला दर आणि पुढे दर पौंडाला वेगळे. "केय-तो-छिन?" मी वहीत बघून विचारलं. किती पैसे? बाईंनी बोटं दाखवली आणि सावकाश म्हटलं, "ङ-सप मन." पन्नास डॉलर. डॉलर साधारण अकरा रुपयांना धरला तर मुंबईच्या धोब्याला हसू येईल असा भाव, पण यात धुणं, वाळवणं, घडी सगळं आलं: सय, कोन, चिप. या दहाच्या 'सप'चा आणि ओल्याच्या 'सप'चा उच्चार एकच, फक्त ओलं उंच सुरात आणि दहा खाली.

मग वरचे सदरे वेगळे काढून इस्त्रीसाठी दिले, कारण घडीच्या धुण्यात इस्त्री येत नाही. तीन होते. वस्तू मोजताना इथे आकड्यानंतर एक मोजशब्द लागतो. कपड्याला 'कीन', पँटीला 'थिऊ' (जो लांबट गोष्टींना लागतो, साप-रस्ते-नद्या यांनाही), मोज्यांच्या जोडीला 'तोय'. तीन म्हणजे साम, कपडा म्हणजेही साम, आणि दोघांचा सूर एकच. म्हणून तीन सदरे म्हणजे "साम कीन साम". हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. बाईंनी गुलाबी पावती फाडली, कपड्यांना स्टेपलरने कागदी आकडे टोचले आणि म्हणाल्या, "थिङ-यत." उद्या.

"म्-कोय," मी म्हटलं. कोणी काम करून दिलं की म्-कोय. कोणी भेट दिली तर आभाराचा शब्द वेगळा.

शनिवार

सकाळी कपडे घेतले. कोरडे, करकरीत, चौकोनी घड्या, विटांसारख्या रचलेल्या. भाचीला सुट्टी होती म्हणून मोंगकॉकला गेलो.

मोंगकॉक आज जगातल्या सगळ्यात दाट वस्त्यांपैकी एक, पण रस्त्यांची नावं अजून शेतातली आहेत. तुंग चोय स्ट्रीट म्हणजे नाळीच्या भाजीचा रस्ता, सय यॉङ चोय म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या वॉटरक्रेसच्या भाजीचा, फा युन म्हणजे बागेचा. आणि त्यांच्या शेजारी सय यी स्ट्रीट, सय-ई, धुण्याचा रस्ता. इथून एक ओढा वाहायचा आणि त्याच्या काठावर बायका धुणं धुवायच्या. ओढा बुजवला, डांबर आलं, वर दुकानं चढली, नाव मात्र तेच राहिलं. हाँगकाँग बेटावर ताय हाङमध्येही वुन शा स्ट्रीट आहे, त्या नावातही ओढ्याकाठी कापड धुणंच आहे. सय यी स्ट्रीटवर उभी राहून मी ओढ्याची काही खूण दिसते का बघत होते. दिसल्या त्या बसच्या रांगा आणि बुटांची दुकानं.

बूट म्हणजे फा युन स्ट्रीट. तिला लोक 'पो-हाय-काय' म्हणतात, बॉलच्या बुटांचा रस्ता. 'पो' हा इंग्रजी बॉल. तुंग चोय स्ट्रीटवर दुपारी लेडीज मार्केट उघडतं. टीशर्ट, मोजे, पिशव्या, फोनची कव्हरं. माल जगात कुठेही मिळतो तोच, मला त्यात रस वाटला नाही. पण घासाघीस ऐकण्यासारखी. "फेङ-ती!" म्हणजे थोडं स्वस्त करा. आमच्या महाद्वार रोडवर जो सूर लागतो त्याच सुरात. विक्रेतीकडे गणकयंत्र असतं, ती आकडा दाबते, आपण दुसरा दाबायचा. एकही शब्द न बोलता भांडण पूर्ण होतं.

मापं अशी: ताय-मा मोठं, चुङ-मा मधलं, सय-मा लहान. लहानाचा 'सय' आणि धुण्याचा 'सय' यांत पुन्हा फक्त सुराचा फरक. 'मा' म्हणजे माप आणि कापडाचा वारसुद्धा. भाचीने तिच्या बाबांसाठी पँट घेतली. तिथल्या मुलीने भाचीला सांगितलं ते भाचीने मला: नव्या वर्षाला इथे लोक आवर्जून पँट घेतात, कारण 'फू' म्हणजे पँट आणि 'फू' म्हणजे श्रीमंतीही, सूर अगदी तोच. बूट मात्र नववर्षाच्या पहिल्या महिन्यात घ्यायचे नाहीत, कारण 'हाय' हा उच्चार उसाशासारखा आहे. आणि वर्षाचे पहिले दोन दिवस धुणं बंद. पाण्याच्या देवाचा वाढदिवस असतो आणि त्या दिवशी धुतलं तर नशीब पाण्याबरोबर वाहून जातं. पाडव्याला धुणं बंद, ही सोय आपल्या पूर्वजांना कशी सुचली नाही कुणास ठाऊक.

रविवार

शेक किप मेइ. चालत गेलो, वीस मिनिटं.

१९५३ च्या नाताळच्या रात्री इथल्या झोपडपट्टीला आग लागली आणि पन्नास हजारांवर माणसं एका रात्रीत उघड्यावर आली. त्यांच्यासाठी सरकारने १९५४ पासून सहा-सात मजली इमारती बांधायला घेतल्या, आणि हाँगकाँगची सरकारी घरं तिथून सुरू झाली. त्यातली एक जपून ठेवली आहे, मेइ हो हाउस. २०१३ पासून तिथे युवा वसतिगृह आहे आणि खाली एक छोटं संग्रहालय. इमारत वरून पाहिली तर इंग्रजी 'एच' अक्षरासारखी. दोन लांब पट्ट्यांत खोल्या, मधल्या आडव्या पट्टीत नळ, संडास, न्हाणी, सगळ्यांचं सामायिक. खोली एकशेवीस चौरस फुटांची, पाच मोठ्या माणसांसाठी. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली एकशेसाठची. बांधणाऱ्या सरकारांचा हिशोब एकाच वहीतला असावा.

संग्रहालयात तशा खोल्या उभ्या केल्या आहेत. दुमजली पलंग, शिलाई मशीन, तिच्यावर अर्धवट काम. घरी बसून प्लास्टिकची फुलं करणं, शिवणकाम, बटणं टाचणं यांवर इथली कितीतरी घरं चालली. मी तिथे सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती धुण्याच्या फोटोपुढे. सामायिक गॅलरीच्या कठड्याबाहेर बांबूच बांबू, आणि बांबूंवर ओळीने पँटी, दोन्ही पायांतून बांबू घातलेला. चिमटा लागत नाही, वाऱ्याने पडत नाही. ही युक्ती मला नवी होती.

पुढच्या, जरा नव्या इमारतींना बाहेरच्या भिंतीत तीन-तीन नळ्या तिरप्या बसवलेल्या असत. खिडकीतून ओणवं होऊन कपड्यांनी लादलेला बांबू त्या नळीत खोचायचा. दहाव्या-विसाव्या मजल्यावरून. खालून पाहिलं की त्या तीन काड्या देवापुढे लावलेल्या उदबत्त्यांसारख्या दिसत, म्हणून नाव पडलं 'साम-ची-हॉङ', तीन उदबत्त्या. नावात काळा विनोदही आहे, कारण तीन उदबत्त्या मेलेल्यांपुढेही लावतात, आणि धुणं वाळत घालताना तोल जाऊन माणसं पडलीही आहेत. गृहनिर्माण खात्याने पुढे त्या नळ्या बंद करून खिडकीबाहेर आडव्या दांड्या दिल्या. जुन्या भिंतींवर बुजवलेल्या भोकांचे ठिपके कुठे कुठे दिसतात. भाचीने बोट दाखवलं नसतं तर मला कळलं नसतं.

सार्सच्या साथीनंतर, २००३ साली, सरकारी वसाहतींत दोषगुणांची पद्धत आली. कचरा फेकला, थुंकलं, नेमून दिलेल्या जागेबाहेर कपडे वाळत घातले की गुण चढतात. दोन वर्षांत सोळा झाले की घर जाऊ शकतं. आमच्या अपार्टमेंटच्या सोसायटीला हे कळू देऊ नये.

तरीही परतताना नाम शान इस्टेटच्या मैदानातून आलो तर मुलांच्या झोपाळ्याशेजारी, चढायच्या लोखंडी कमानीवर, कोणाची तरी चादर आणि दोन लोकरी टोप्या होत्याच. 'लोङ-साम', कपडे वाळत घालणं, हा इथे नियमांपेक्षा जुना हक्क आहे. वाळत घालायचे ते लोङ. ऊन दाखवायचं, तापवायचं ते साय. आणि परत घरात घ्यायचे ते 'सऊ-साम'. "लोक-यु, सऊ-साम!" म्हणजे पाऊस आला, कपडे काढा. ही आरोळी इथे घराघरात.

सोमवार

भाची कामावर. मी एकटी कापडाच्या मागे.

माझे वडील यंत्रमागाच्या धंद्यात होते. त्यामुळे दुकानात गेले की माझा हात आधी कापडाच्या काठाला जातो, मग नजर. शाम शुई पो अशा हाताला स्वर्ग आहे. की लुङ स्ट्रीटवर ठाणंच ठाणं आणि रस्त्यावर बटणांचे ट्रे. नाम चोङ स्ट्रीट फितींचा नि लेसचा. यु चाऊ स्ट्रीट मण्यांचा. ताय नान स्ट्रीट चामड्याचा. एका रस्त्यावर एकच जिन्नस. शिंपी, डिझाइनचे विद्यार्थी, नाटकवाले, सगळे यादी घेऊन फिरताना दिसतात.

जुना कापडबाजार 'पाङ-चय' मात्र आता नाही. येन चाऊ स्ट्रीटवर पत्र्या-ताडपत्रीखाली, १९७८ पासून फेरीवाले कापड विकत होते. २०२३ साली जागा घरांसाठी रिकामी झाली आणि त्यांना तुंग चाऊ स्ट्रीटच्या बाजारात हलवलं. तिथे गेले. छत पक्कं, दिवे चांगले, गल्ल्या सरळ. एक आजोबा खुर्चीत पेंगत होते, आजूबाजूला डोक्याइतके उंच ढीग. मी एका निळ्या ठाण्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मिन?" सुती का? त्यांनी डोळे न उघडता मान हलवली, नाही. मग एक डोळा उघडून ढिगातून दुसरं ठाण ओढलं, काठ उसवून दोन धागे काढले, लायटरने पेटवले. कागदासारखा वास, बोटात चुरगळणारी राख. "मिन," ते म्हणाले. हे आमच्या वडिलांचंच. सुती जळतं ते कागदासारखं, नायलॉन-पॉलिएस्टरचा मणी होतो. तीन वार घेतलं.

वहीत भर: पोऊ म्हणजे कापड. सिन म्हणजे दोरा. चम म्हणजे सुई. लाय-लिन म्हणजे चेन. नऊ म्हणजे बटण, त्यामुळे मी दुकानदाराला एक नऊ मागितलं. 'सुक-सोय' म्हणजे कापड आटणं आणि 'लत-सिक' म्हणजे रंग जाणं. हे दोन शब्द कापड घेतानाच विचारायचे, धुतल्यावर विचारून उपयोग नाही.

संध्याकाळी त्सिम शा त्सुईला नेथन रोडवर एक फेरी मारली, कारण भारतातून आलेल्या माणसाला तिथे गेल्याशिवाय सुटका नाही. दर चार पावलांवर "मॅडम, सूट? टेलर?" हिंदीत, सिंधी वळणाच्या हिंदीत, कधी कँटोनीजमध्ये. एकाला मी मराठीत "नको हो" म्हटलं तर तो हसून म्हणाला, "पुण्याच्या का?" जरा अपमान वाटला.

शांघाय स्ट्रीटवर लग्नाच्या पोशाखांची दुकानं आहेत. लाल, त्यावर सोन्या-चांदीच्या तारेने काढलेले ड्रॅगन आणि फिनिक्स. त्याला 'ख्वन-क्वा' म्हणतात. भरत जितकं दाट, खालचा लाल जितका कमी दिसेल, तितका मोल जास्त. पैठणीच्या पदराशी हे फार दूरचं नाही, जरीची पारख असलेल्याला लगेच कळेल. आणि छॉङ-साम, ज्याला उत्तरेकडे छीपाओ म्हणतात. त्याचं इंग्रजीतलं नाव याच कँटोनीज उच्चारावरून गेलं. हाँगकाँगची छॉङ-साम शिवण्याची कला २०२१ साली चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत आली. एका जुन्या शिंप्याच्या दुकानात मी गळ्याजवळची गाठीची बटणं बघत उभी होते. पट्टी तिरप्या कापाची, आत तार, वळवून फुलाचा आकार. एका बटणाला किती वेळ लागतो ते विचारायचं होतं, पण माझ्या वहीत तेवढं व्याकरण नव्हतं.

मग पुन्हा लाँड्री. त्या दिवशी मी इरकली नेसले होते आणि ओल्या जिन्यात काठाला चिखल लागला होता. घरी जाऊन ती बदलून, पिशवीत घालून खाली नेली. मालकीणबाईंनी ती बाहेर काढली, घडी उलगडली, उलगडत गेल्या. टेबल संपलं तरी साडी संपेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे हात केला: पडदा? मी नाही म्हटलं आणि स्वतःभोवती गोल हात फिरवला. "चॉक?" त्या म्हणाल्या. अंगावर घालतात? शब्द तोच, सदऱ्याला, पँटीला, बुटालासुद्धा. टोपी, चष्मा, घड्याळ यांना मात्र 'ताय'. नेसण्यासाठी वेगळा शब्द माझ्याकडे असून इथे निरुपयोगी होता, म्हणून मी मान डोलावली. मग त्यांना निऱ्या बघायच्या होत्या. दुकानात, ड्रेसवर, दोन गिऱ्हाइकांसमोर निऱ्या घालून दाखवल्या.

मंगळवार

वारा फिरला. सकाळी उत्तरेचा गार, कोरडा वारा, आणि कितीतरी दिवसांनी निळं आकाश. सगळा मोहल्ला बाहेर आला. रस्त्याच्या कठड्यांवर रजया, मैदानाच्या जाळीवर उशांचे अभ्रे, एका बंद दुकानाच्या शटरला टांगलेले कोट. रजयांना ऊन दाखवणं म्हणजे 'साय-फेय'. कठड्यावर एका टोकाला रजई आणि दुसऱ्या टोकाला संत्र्याच्या साली, सुकवून औषधाला आणि स्वयंपाकाला वापरायच्या. रजईवाली आणि सालीवाली यांचं जागेवरून जोरात चाललं होतं.

दुपारी त्सुएन वानला 'द मिल्स'. नान फुङ कंपनीच्या सूतगिरण्या, १९५४ साली उभ्या राहिलेल्या त्या धंद्यातल्या. चीनमधल्या उलथापालथीनंतर शांघायचे गिरणीमालक यंत्रांसकट इकडे आले आणि हाँगकाँगचा कापडधंदा वर आला. मग मजुरी महागली, धंदा सीमेपलीकडे गेला, गिरण्या थंडावल्या. आता आत कॉफी, दुकानं आणि २०१९ पासून कापडाचं संग्रहालय. परळ-लोअर परळ पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट पाठ आहे. पण इथे निदान यंत्रं चालू करून दाखवतात, आणि गिरणीत काम केलेल्या बायकांच्या तोंडून काम ऐकवतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांचं सूत हाँगकाँग-शांघायच्या वाटेने चीनला जायचं; त्या पैशावर मुंबईत गिरण्या वाढल्या. मी यंत्रांजवळ तास घालवला. भाची कॉफी पीत बसली.

संध्याकाळी साडी आणायला गेले. इस्त्री इतकी कडक की काठ कागदासारखा उभा. चिखलाचा डाग गेला होता, रंग गेला नव्हता. पैशांचा प्रश्न मात्र बाईंना रात्रभर पडलेला दिसला. भिंतीवरच्या दरपत्रकात सदरा, पँट, झगा, सूट, कोट, छॉङ-साम, चादर, रजई असं सगळं होतं, साडी नव्हती. त्यांनी आधी छॉङ-सामच्या दरावर बोट ठेवलं. तो सगळ्यात महाग. मी म्हटलं, "फेङ-ती." त्यांनी मान हलवली आणि साडीची लांबी दाखवायला हात ताणले. मी बोट खाली सरकवत चादरीवर नेलं. शिवण नाही, बटण नाही, बाही नाही. सपाट कापड, चादरच. त्या थोडा वेळ चादरीकडे बघत राहिल्या, मग साडीच्या काठाकडे, मग माझ्याकडे. शेवटी दोन चादरींचा दर ठरला. पावतीवर त्यांनी काय लिहिलं ते भाचीकडून वाचून घेतलं: "चादर, भारतीय, लांब."